दार उघडे, पण उंबरठा उंच!

गरीब घरांतील मुलामुलींसाठी महाविद्यालयाचा मार्ग सुकर करणे हे सरकारचे कर्तव्य आहे काय, हा प्रश्न अमेरिकेने १९६४ साली निकालात काढला होता. तोच प्रश्न तेथील सरकारने २०२५ साली पुन्हा उकरून काढला. त्या वर्षीच्या मे महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी जे अंदाजपत्रक सुचविले, त्यात ‘ट्रायो’ आणि ‘गिअर अप’ या दोन कार्यक्रमांची सुमारे १५८ कोटी डॉलरची तरतूद समूळ काढून टाकण्याची शिफारस होती. शिफारस करणे सरकारच्या हाती आणि पैसा मंजूर करणे काँग्रेसच्या हाती, हे खरे. परंतु त्या शिफारशीच्या समर्थनार्थ पुढे केलेले कारण रकमेहूनही अधिक विचार करावयास लावणारे आहे. हे कार्यक्रम गतकाळाचे अवशेष आहेत; बेताच्या परिस्थितीतील विद्यार्थ्यांना महाविद्यालयात शिरणे आता पूर्वीसारखे अवघड राहिलेले नाही, असा त्या कारणाचा मथितार्थ होता. दार उघडे आहे, यावयाचे त्याने यावे, हा तो युक्तिवाद. आमच्या वाचकांस तो अपरिचित नाही. फी माफ झाली, शिष्यवृत्ती जाहीर झाली, आता आणखी काय हवे, हे उद्गार आपल्याकडेही नित्य कानी पडतात. म्हणून हा अमेरिकेचा वाद आपण आपला समजून तपासला पाहिजे.

अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले, त्या काळात या कार्यक्रमांचा जन्म झाला. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ निघाले, १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने ‘टॅलेंट सर्च’ आणले आणि १९६८ मध्ये महाविद्यालयात पोहोचलेल्या मुलांना टिकवून धरणारी तिसरी योजना त्यांस येऊन मिळाली. या तिघांचे मिळून ‘ट्रायो’ असे नाव पडले. पुढे योजना आठ झाल्या, नाव तेच राहिले. ‘गिअर अप’ हे १९९८ सालचे भावंड. ज्यांच्या आईबापांपैकी कोणाचीही पदवी झालेली नाही आणि ज्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या आत आहे, अशी मुले निदान दोनतृतीयांश असली पाहिजेत, हा ट्रायोच्या बहुतेक योजनांचा दंडक आहे. शनिवारचे वर्ग, उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालयाच्या आवारातील सहा आठवड्यांचा मुक्काम, गणित व विज्ञानाची तयारी आणि प्रवेशाचे व आर्थिक साहाय्याचे अर्ज भरण्यास मदत, असे त्याचे स्वरूप आहे. यातील शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. आमच्या मते सर्वांत मोलाची तीच होय.

या रचनेचा विशेष असा की, सरकारकडे अर्ज करण्याचे ओझे मुलावर टाकलेले नाही. विद्यापीठे, महाविद्यालये व सेवाभावी संस्था सरकारच्या शिक्षण खात्याकडे अनुदान मागतात. आपल्या भागात गरज किती, योजना कोणती, माणसे कोण व खर्च काय, हे त्यांना सांगावे लागते. बाहेरचे परीक्षक गुण देतात आणि साधारणतः पाच वर्षांसाठी अनुदान मंजूर होते. नंतर ती संस्था गावोगावच्या शाळांत जाऊन मुले शोधते. म्हणजे जो समर्थ आहे त्याने सरकारी कागदांशी झुंजावे आणि जो दुर्बळ आहे त्याला अभ्यास करू द्यावा, अशी ही वाटणी आहे. वाटणीचे हे तत्त्व आम्हांस निःसंशय योग्य वाटते.

तथापि तत्त्व योग्य असले म्हणजे व्यवहार निर्दोष होतोच असे नाही. २०१७ साली ‘अपवर्ड बाउंड’साठी आलेल्या अर्जांपैकी कित्येक अर्ज तेथील शिक्षण खात्याने न वाचताच फेटाळले. मेन राज्याच्या उत्तर टोकाला प्रेस्क आइल येथे एक लहानसे सरकारी विद्यापीठ आहे. त्याच्या अर्जातील दोन आकृत्यांमधील ओळींत दुपटीऐवजी दीडपट अंतर पडले होते, एवढाच त्याचा अपराध! मजकूर खरा की खोटा, योजना चांगली की वाईट, याचा विचारच झाला नाही. अखेर काँग्रेसच्या दोन्ही पक्षांच्या सभासदांनी आवाज उठविला, तेव्हा खात्याने माघार घेऊन ते अर्ज परीक्षकांपुढे ठेवले. त्या मुलांचे नशीब की, त्यांच्या बाजूने बोलणारे सिनेटर होते.

दुसरा दोषही असाच डोळ्यांत भरण्याजोगा आहे. ज्या संस्थांनी पूर्वी अनुदान घेऊन काम केले, त्यांना त्या कामाबद्दल १५ पर्यंत जादा गुण मिळतात. अनुभवाची कदर व्हावी हे रास्तच. पण जेथे एकेका गुणावर निकाल ठरतो, तेथे नव्या संस्थेला दाराबाहेरच तिष्ठत राहावे लागते. त्यातच अर्जलेखनासाठी स्वतंत्र माणसे बाळगणे मोठ्या विद्यापीठांनाच परवडते. गरजवंतांचा भाग जितका आडवळणाचा, तितका तेथील संस्थेचा अर्ज कच्चा, असा हा उफराटा न्याय होऊन बसतो. आणि तिसरा दोष सत्तेच्या लहरीचा. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभराहून अधिक ट्रायो प्रकल्पांचे चालू अनुदान थांबविण्यात आले, ते बव्हंशी आधीच्या राजवटीत लिहिल्या गेलेल्या अर्जांतील शब्दांवर बोट ठेवून. काल जे शब्द घातल्यावाचून गत्यंतर नव्हते, तेच आज गुन्हा ठरले! पाच वर्षांच्या भरवशावर नववीत शिरलेल्या मुलाने अशा वेळी कोणाकडे पाहावयाचे?

या कार्यक्रमांचे टीकाकार आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती लपविणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. ‘अपवर्ड बाउंड’ची जी देशव्यापी पाहणी झाली, तीत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या व वगळलेल्या मुलांची तुलना करण्यात आली. २००९ च्या अंतिम अहवालात, महाविद्यालयात जाणाऱ्यांच्या एकंदर प्रमाणात ठळक फरक पडल्याचे दिसले नाही. परंतु ज्या मुलांनी पदवीपर्यंत पोहोचण्याची आशाच मुळी धरली नव्हती, त्यांच्या बाबतीत फरक पडला होता आणि तो लहान नव्हता. जो कसेही करून जाणारच होता त्याला हात दिल्याने फारसे काही बदलले नाही. जो जाणारच नव्हता तो हात दिल्याने गेला. याचा अर्थ कार्यक्रम बंद करावा असा नव्हे, तर ज्याला कोणीच विचारीत नाही त्याला आधी शोधून काढावे, असा आहे.

हा हात म्हणजे नेमके काय, याचे उत्तर दुसऱ्या एका प्रयोगाने दिले आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन साहाय्यासाठी ‘फाफ्सा’ नावाचा सरकारी अर्ज भरावा लागतो. त्या काळी त्यात शंभरावर प्रश्न असत. २००८ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी ओहायो व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत, आयकराचे विवरण भरून देणाऱ्या एका पेढीच्या कचेऱ्यांतून प्रयोग केला. आलेल्या काही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना तेथेच बसवून, काही मिनिटांत हा अर्ज भरून दिला. इतर काहींना, साहाय्य किती मिळेल याची माहिती लिहून हाती दिली व अर्ज स्वतः भरण्यास सांगितले. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्या घरांतील शालान्त वर्गाच्या मुलांपैकी पुढील तीन वर्षांत निदान दोन वर्षे महाविद्यालयात काढणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २८ वरून ३६ वर गेले. ज्यांना केवळ माहिती दिली, त्यांच्यात काडीचाही फरक पडला नाही! माहितीपत्रके छापून कृतकृत्य होणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा. अर्ज सोपा करण्याचा कायदा अमेरिकेने २०२० मध्ये केला खरा. पण तो नवा अर्ज ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या अखेरीस निघाला, तोही सदोष, आणि सर्वांत जास्त खोळंबली ती स्थलांतरितांची मुले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे वाटणी नेमकी उलट आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पुढील पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली आणि केंद्राचा वाटा शेकडा ६० ठरविला. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. या निर्णयांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु अर्जदार कोण? सतरा-अठरा वर्षांची मुलगी. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून, जातीचा दाखला, त्याची वैधता, अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकखाते, आणि मग ‘महाडीबीटी’वरचा अर्ज. त्रुटी दाखवून अर्ज परत पाठविण्याची सोय तेथे आहे, हे आम्ही मान्य करतो. पण परत आलेला अर्ज पाहणारा, त्रुटी म्हणजे काय हे समजणारा कोणी घरी असावा लागतो. आमच्या वाचकांच्या घरी तो असतो. बाप कारकून असतो, मामा प्राध्यापक असतो, शेजारी निवृत्त अव्वल कारकून असतो. ऊसतोडीला गेलेल्या बापाच्या मुलीला यांपैकी कोणीच नसतो. तिच्या दृष्टीने दार उघडे आहे. उंबरठा मात्र कमरेइतका उंच आहे.

आणि गंमत अशी की, यावरचा उपाय महाराष्ट्राला परका नाही. मॅट्रिक झाल्यावर पैशांअभावी भीमराव आंबेडकरांचे पुढील शिक्षण अडण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णराव केळूसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाकडे निघालेल्या त्या पदवीधराच्या मागे हा शब्द उभा होता. बडोद्याची तिजोरी होतीच. तिजोरी आणि विद्यार्थी यांच्यामध्ये केळूसकर उभे होते म्हणून ती त्याच्यापुरती उघडली. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातिजमातींची वसतिगृहे उभी करविली व त्यांना जमिनी आणि इमारती दिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सातारच्या वसतिगृहात मुले स्वतः वेचून आणली. राजाने वा सरकारने पैसा द्यावा, संस्थेने तो मागावा व मुलांपर्यंत न्यावा, ही ट्रायोची रीत येथे ट्रायोच्या कितीतरी आधी रुजली होती. पैसा थेट खात्यात जमा करण्याच्या सोयीने मधला दलाल गेला, हे उत्तम झाले. पण दलालाबरोबर केळूसकर गुरुजीही गेले, याची आम्हांस खंत वाटते.

म्हणून आमची राज्य सरकारला सूचना अशी आहे. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या खात्यातच जावी. परंतु त्याखेरीज, ग्रामीण व आदिवासी भागांतील कनिष्ठ महाविद्यालयांना व सेवाभावी संस्थांना एक वेगळे, लहानसे अनुदान द्यावे. त्या पैशातून नववीपासून मुलामुलींना शोधून, त्यांच्या दाखल्यांपासून प्रवेशापर्यंत सोबत करणारा एक पगारी माणूस नेमला जावा. हे अनुदान एका वर्षाचे नसावे, पाच वर्षांचे असावे. मंत्री बदलला म्हणून ते थांबू नये. अर्जातील तांत्रिक उणिवेसाठी कोणत्याही संस्थेला बाद करू नये. उणीव लेखी कळवावी व ती दुरुस्त करण्यास मुदत द्यावी. नव्या व दूरच्या संस्थांसाठी काही वाटा राखून ठेवावा. आणि हिशेब मागावा तो किती अर्ज भरले याचा नव्हे, तर जी मुले एरवी गेली नसती त्यांपैकी किती महाविद्यालयात टिकली याचा. सरकारकडेच असलेले दाखले सरकारनेच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात न्यावेत, हे तर निराळे सांगावयास नको.

खर्च वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. जी रक्कम जाहीर होते आणि अर्जाअभावी ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांच्या दृष्टीने ती खर्च झालीच नाही, एवढेच आम्ही त्यावर म्हणू. अमेरिकेने साठ वर्षे चालविलेली सोबत मोडावी की राखावी, हे तेथील लोकप्रतिनिधी ठरवितील. आपल्याला मोडावयास काही नाही. पूर्वी जे होते ते पुन्हा उभारावयाचे आहे. फीमाफीचा आदेश काढणाऱ्या सरकारने पुढील प्रवेशाच्या हंगामात एखाद्या तहसील कचेरीच्या ओसरीवर तासभर उभे राहून पाहावे. तेथून हाती दाखला न घेता परतणारी मुलगी कोणत्याही आकडेवारीत नापास म्हणून नोंदली जात नाही. तिची नोंद कोठेच होत नाही, आणि म्हणूनच तिची जबाबदारी सर्वांत अधिक आहे.