पंखाचा पीळ

या सुटीत मुलांना घेऊन बारामतीकडे जाणार असाल, तर वाट वाकडी करून लोणी भापकरला जाऊन या. मल्लिकार्जुनाच्या देवळापाशी सुरेख पुष्करणी आहे, दगडी यज्ञवराह आहे. बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडवणाऱ्या शाळा असल्यामुळे या बाजूच्या आकाशात एखादे लहानसे विमान घिरट्या घालताना दिसण्याचा संभवही पुष्कळ. मग मुलांचा प्रश्न ठरलेलाच: ते खाली का पडत नाही? वराहाने पृथ्वी उचलली ती सुळ्यांवर, असे सांगून सुटता येते. विमानाचे तसे नाही.

“इंजिन असते म्हणून,” असे बहुतेक वडील सांगतात. पण इंजिन विमानाला पुढे ओढते, इतकेच. उचलतो तो पंख. शिकाऊ विमानांत सर्वपरिचित जे सेस्ना 172, त्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 11 मीटर आणि रुंदीला सुमारे दीड मीटर. क्षेत्रफळ 16 चौरस मीटर, म्हणजे तुमच्याआमच्या दिवाणखान्याएवढे म्हणाना! त्यावर माणसांसकट अकराशे किलोंचा भार. दर चौरस मीटरवर एक धडधाकट गृहस्थ उभा आहे असे समजा.

पंखाचा पुढचा काठ किंचित वर धरलेला असतो. समोरून येणारी हवा तो खाली वळवतो, आणि हवेला खाली ढकलणारा स्वतः वर ढकलला जातो. फुगीर पाठीवरून हवा वेगाने सरकते, तिथला दाब उतरतो. (वरची आणि खालची हवा मागच्या काठाशी एकाच वेळी पोचते, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. ते खुशाल विसरा. वरची आधी पोचते.)

कोन वाढवला की उचल वाढते. पण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास हवा पाठ सोडून देते, भोवरे उठतात आणि उचल ढासळते. इंजिन ठणठणीत चालू असले तरीही! याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. जर्मनीचा ऑटो लिलिएनथाल 1896 साली आपल्या ग्लायडरसह असाच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. यावरचा उपाय सोपा, पण मनाविरुद्धचा: नाक खाली करायचे. खाली जमीन दिसत असताना हातातले चाक पुढे ढकलायला मन धजत नाही, म्हणून हा धडा भरपूर उंचीवर जाऊन पुन्हापुन्हा गिरवून घेतात.

नाक वरखाली करणे हे शेपटीच्या आडव्या भागाचे काम, डावीउजवीकडे वळवणे उभ्या भागाचे. आणि विमान एका अंगावर कलते ते पंखांच्या टोकांजवळच्या झडपांमुळे. त्यांना एलेरॉन म्हणतात. या झडपांसाठी कारखानदाराने एक युक्ती केलेली असते. सेस्नाचा पंख फळीसारखा सरळ दिसतो, पण धडापासून टोकाकडे जाताना तो सुमारे 3 अंश पिळलेला असतो. टोकाचा कोन कमी, म्हणून हवा सुटते ती आधी मुळाशी. टोके तग धरतात, एलेरॉन शिकाऊ हाताला जुमानत राहतात. टोक आधी सुटले असते, तर एक पंख एकाएकी गळून विमान गिरक्या खात खाली आले असते.

उतरताना मात्र हाच स्टॉल जवळ बोलावतात. धावपट्टी हातभर खाली राहिली की वैमानिक हळूच नाक उचलतो, वेग मरू देतो आणि उचल संपता संपता चाके टेकवतो. विजेच्या खांबावर बसणारी घार नीट पाहा, किंवा हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकदंब. तेही शेवटच्या क्षणी पंख उभे धरतात.