पांखरें पाहण्याचा छंद

फावल्या वेळीं मुलांनीं काय करावें, असें पालक आम्हांस वारंवार विचारतात. आणि ‘पांखरें पाहावीं’ असें आम्हीं सुचविलें, कीं बहुतेकांच्या मुद्रेवर निराशा दिसते. परीक्षेंत यास गुण किती, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आमचीच एक फजिती सांगणें भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं वसंतवर्णनाचे निबंध तपाशीत असतां एका विद्यार्थ्यानें ‘कोकीळ गातो’ असें लिहिलेलें आढळलें. आम्हीं तें खोडून तांबड्या शाईनें ‘कोकिळा गाते’ असें केलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र त्यानें एक मळकट वही आमच्या मेजावर आणून ठेविली. वसतिगृहामागील आंब्यावर कोणता पक्षी केव्हां येतो, कसा ओरडतो, याचीं सकाळच्या प्रार्थनेपूर्वीं केलेलीं टिपणें तींत होतीं. कुहूकुहू करणारा पक्षी काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. त्याच्या मागें येणारी करडी, पांढऱ्या ठिपक्यांची मादी नुसतें ‘किक् किक्’ करी. आम्हीं ग्रंथ काढून पाहिला. गाणारा नरच! तोच आंबा आमच्याही खिडकीसमोर होता, आणि आम्ही वर्षानुवर्षें चुकीचें शिकवीत आलों होतों. वर्गापुढें तसें कबूल करणें जड गेलें. निबंधाचे गुण वाढवून दिले, हें गुणांविषयीं विचारणाऱ्यांच्या माहितीसाठीं.

दुसरें उदाहरण पुष्कळ मोठ्या माणसाचें आहे. डॉ. सलीम अली १९३० सालीं जर्मनीहून परत आले तेव्हां त्यांस नोकरी नव्हती. अलिबागेजवळ किहीम येथें राहून ते सुगरणीच्या खोप्यांकडे पाहात बसले. नांव सुगरण, पण विणणारा नर! अर्धवट खोपा मादी पारखून पाहते. पसंत पडला तरच तेथें नांदते. मग हे गृहस्थ तो पुरा करून शेजारींच दुसऱ्या खोप्यास आरंभ करतात. हें सारें त्यांनीं केवळ धीरानें पाहून ठरविलें. रिकामपणाचा उद्योग कोणता व विद्या कोणती, हें पालकांनीं इतक्या लवकर ठरवूं नये, असें आम्हांस वाटतें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेऊन घरट्यापाशीं गर्दी करणें, मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्यास फसवून जवळ बोलावणें, यांस आम्ही छंद म्हणत नाहीं. तो त्रास आहे. पिंजऱ्यांतील पोपटाविषयीं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेंच निकाल दिला आहे. वही, पेन्सिल आणि पहांटे उठण्याची संवय एवढें प्रारंभास पुरे. दुर्बीण मागाहून मिळाली तरी चालेल.

ती वही अजून आमच्यापाशीं आहे. शेवटच्या पानावर त्या मुलानें लिहून ठेविलें आहे: ‘कावळे घरट्यावरून केव्हां उठतात, हें कोकिळेस कसें कळतें?’ ह्या वर्षीं आंब्यास मोहोर आला कीं आम्ही खिडकींत बसणार आहों. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं उजाडण्यापूर्वीं यावें, आणि पायांत वाजणारे जोडे घालूं नयेत.