मोटर का जळाली, हे एआय सांगेल का?

गोंदियाजवळच्या मुर्रीत काय किंवा जिल्ह्यात कुठेही काय, धानाच्या हंगामात राईस मिलची मोटर जळाली की पहिला फोन रिवाइंडिंगवाल्याला जातो. हल्ली 'एआय सेन्सर लावा, बिघाड आधीच कळेल' असं सांगणारेही बरेच आलेत. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, तरी म्हणतो, आधी जळालेली वाइंडिंग नीट बघा.

तीनपैकी एक फेज गेली तरी चालती मोटर लगेच थांबत नाही. घरघर करत लोड ओढत राहते आणि उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण १.७३ पट किंवा त्याहून जास्त होतो. मोटर उघडल्यावर स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या दिसतात, तिसरी कोरी. डेल्टात उलट, एकच काळी. तिन्ही सारख्याच काळ्या असतील तर संशय ओव्हरलोडवर, नाहीतर कोंड्याने तुंबलेल्या पंख्यावर. दुकानात जुनी कॉइल कापली की हा पुरावा गेला! फोन खिशात आहेच, आधी फोटो काढा.

सॉफ्टवेअरचं खरं काम रोटरमध्ये आहे. त्याची पट्टी तुटली की २ टक्के स्लिपला करंटमध्ये ५० हर्ट्झच्या शेजारी ४८ आणि ५२ वर छोटी शिखरं उमटतात. फोन थरथर मोजेल, करंट नाही. त्याला केबलभोवती क्लॅम्प लागतो. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या वीज केंद्राएवढ्या कारखान्याला असा खर्च परवडतो. मिलवाल्याने आधी सिंगल फेज प्रिव्हेंटर बघावा. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी तो बायपास केला असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून आजच परत जोडून घ्या.