रिकाम्या हातांचा खेळ

धम्मवर्गात विचारले जाणारे प्रश्न हल्ली बदलले आहेत. भोर तालुक्यातल्या आंबवड्याला वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर एका माउलीने आम्हाला विचारले, "दादा, पोरगं रात्री गोधडीत मोबाईल घेऊन 'मार, मार, मागं आहे' करतंय. पहिलं शील मोडतं का हो त्यानं?" (हे बाबासाहेबांचे मूळ गाव नव्हे. ते आंबडवे कोकणात, मंडणगड तालुक्यात. हे झुलत्या पुलाचे आंबवडे.) प्रश्न एका घरचा नाही, म्हणून आजच्या सदरात त्याचाच हिशेब मांडू.

शीलाचे उत्तर सोपे आहे. बुद्धाने चेतनेला, म्हणजे मनातल्या हेतूला कर्म म्हटले. पडद्यावरच्या बाहुल्याला जीव नाही, तेव्हा तो पडला म्हणून प्राणिहत्या होत नाही. मात्र खेळ बंद करायला सांगितल्यावर पोरगा बहिणीच्या अंगावर धावून जात असेल, तर तिथे मन बिघडू लागले आहे. आमच्या मते पहिल्या शीलापेक्षा पाचवे शील इथे जास्त लागू पडते. ते केवळ दारूपुरते नाही. माणसाला बेसावध करणाऱ्या नशेबद्दल आहे. त्या बेसावधपणाला पाली भाषेत 'पमाद' म्हणतात. तो बाटलीतून येतो, तसा पडद्यातूनही येऊ शकतो.

आता खेळ समजून घेऊ. न समजता रागावलो तर मुले ऐकत नाहीत. हातात मावणारे खेळयंत्र नवे नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली 'गेम बॉय' काढला. दोन यंत्रे तारेने जोडून दोघांना खेळता येई. आपल्या कष्टकरी घरांत ते यंत्र क्वचितच आले. मोबाईल मात्र आला, आणि गावोगावची मुले एकाच मैदानात उतरली. 'पब्जी'चे नाव सर्वांना ठाऊक आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच धर्तीचा 'इंडस' नावाचा खेळ पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने तयार केला. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो मोबाईलवर आला. इंडस म्हणजे सिंधू. भारतीय कल्पनांना भविष्यकाळाची जोड देऊन त्यात विरलोक नावाचे काल्पनिक जग उभे केले आहे. तिथे उतरायचे, बंदुका शोधायच्या, समोरच्याला बाद करायचे आणि शेवटपर्यंत टिकायचे. कॉस्मियम नावाची दुर्मिळ वस्तू ताब्यात घेऊनही जिंकता येते.

या धर्तीच्या खेळांचा एक नियम विचार करण्यासारखा आहे. मैदानात उतरताना प्रत्येकाचे हात रिकामे असतात. सरपंचाचा मुलगा असो की शेतमजुराचा, बंदूक ज्याची त्याने शोधायची. गावात जी बरोबरी मिळत नाही ती इथे मिळते, असे मुलांना वाटते. गोडी लागण्याचे हेही एक कारण आहे.

पण ही बरोबरी खरी आहे का? बोट पडद्यावर टेकले की ती खबर कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते. तिथे निकाल लागतो आणि तो सगळ्यांच्या मोबाईलवर परत येतो. या जाण्यायेण्याचा वेळ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. मुले त्याला 'पिंग' म्हणतात. चांगल्या रेंजमध्ये तो कमी असतो. डोंगराच्या कुशीत रेंज अडखळली की तो वाढतो, आणि समोरचा गडी नीट दिसायच्या आत आपला पोरगा बाद होतो. त्यात जुना, तापणारा मोबाईल. हात सगळ्यांचे रिकामे, पण रस्ता सगळ्यांचा सारखा नाही. हे मुलाला जरूर सांगा. हरला म्हणून तो कमी नाही आणि जिंकणारा प्रत्येक जण हुशारीनेच जिंकला असेही नाही. शाळेत आणि नोकरीतही हेच असते. राखीव जागा कशासाठी, हे भाषणापेक्षा या उदाहरणाने त्याला लवकर कळेल.

दुसरा रकाना पैशाचा. असे खेळ सहसा फुकट उतरवता येतात. कमाई होते ती बाहुल्याचे कपडे आणि बंदुकीची नक्षी विकून. त्याने ताकद वाढतेच असे नाही. दोस्तांत मिरवता येते, एवढेच. आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात बापाच्या मोबाईलचा पिन पोराच्या हाती असणे बरे नव्हे. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ तर वेगळेच. सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाची संपत्ती गळून जाण्याच्या वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आहे. आपल्या संसदेनेही ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

तिसरा रकाना नावाचा, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळात प्रत्येक जण एक नाव घेतो. वाघ, वादळ, किंग, काहीही. आडनाव कोणी विचारत नाही, म्हणून चौघांच्या टोळीत सगळ्या आळ्यांची पोरे एकत्र येतात. ही चांगली गोष्ट आहे. पण एखादा मुलगा म्हणतो, "जय भीम नाव ठेवलं की शिव्या येतात, म्हणून बदललं." तेव्हा आईबापांनी थांबून विचार करावा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पटावर नाव होते, पण बसायला वेगळे गोणपाट होते. आज मुलाला सर्वांबरोबर जागा मिळते, पण नाव झाकून. नाव झाकून मिळालेली बरोबरी उसनी असते.

तरीही आम्ही मुलांना उगाच छाती पुढे काढायला सांगणार नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून एका दलित तरुणाचा खून झाला, हे आपण विसरलेलो नाही. अनोळखी माणसाला नाव, गाव, शाळा, फोन नंबर न सांगणे हे शहाणपण आहे. स्वतःच्या नावाची लाज वाटणे ही गुलामी आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. फरक मुलाच्या मनात असतो आणि तो घरातच घडतो. शिवी आली तर ती शिवी देणाऱ्याची घाण आहे, हे त्याला सांगा. शिवी देणाऱ्याची तक्रार करण्याची सोय खेळात असेल तर ती वापरायला शिकवा.

वेळेचा रकाना शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाला स्थान दिले आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी त्याची लक्षणे आहेत. रोज तासभर खेळणारा मुलगा लगेच आजारी ठरत नाही. पण ही लक्षणे दिसली तर मारहाण करू नका, अंगारे-धुपारे तर नकोच. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर फिरवा. मदत फुकट मिळते.

घरात एक साधा नियम करा. अभ्यास झाल्यावर ठरलेला वेळ खेळ, आणि झोपताना मोबाईल आईच्या उशाशी. त्याआधी एक दिवस मुलाशेजारी बसा. खेळ कसा चालतो, कोणी बनवला, तो बनवायला काय शिकावे लागते, हे त्यालाच विचारा. पुण्यात असा खेळ तयार झाला, तर आपल्या वस्तीतली मुलगी किंवा मुलगा उद्या तो का तयार करणार नाही? आणि उठण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : "बाळा, या खेळात तुझं नाव काय आहे, आणि तेच का घेतलंस?"