नळी कोणाची, जबाबदारी कोणाची?

पुण्यात घर भाड्याने देण्याघेण्याचा व्यवहार आता पुष्कळच नियमबद्ध झाला आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये करार लेखी असावा लागतो व त्याची नोंदणी करावी लागते. ती न केल्यास घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते. पंखे किती, दिवे किती, कपाटे किती याची यादीही पुष्कळदा करारास जोडली जाते. इतका काटेकोरपणा पाळणाऱ्या या शहरात ओट्याखालच्या गॅसच्या नळीचे वय काय, हे मात्र कोणी कोणास विचारीत नाही. ही उणीव जिवावर बेतणारी आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे सरकारचे, घरमालकांचे व भाडेकरूंचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शिक्षणासाठी व नोकरीसाठी बाहेरगावांहून येणाऱ्या माणसांवर पुण्याचा विस्तार झाला आहे. पेठांतल्या वाड्यांपासून हिंजवडी-खराडीच्या उंच इमारतींपर्यंत सर्वत्र भाडेकरूंची वस्ती आहे. या घरांतली शेगडी बहुधा मालकाची, सिलिंडर मालकाच्या किंवा त्याच्या आधीच्या कोणाच्या तरी नावाचा, आणि वापर मात्र आज तेथे राहणाऱ्याचा, अशी स्थिती असते. मालक म्हणतो, ‘वापरतो त्याने पाहावे’. भाडेकरू म्हणतो, ‘वस्तू ज्याची त्याने पाहावे’. वितरकाच्या वहीत तर तिसरेच नाव असते. घरातील सर्वांत धोक्याची वस्तू अशा रीतीने बेवारस ठरते.

धोक्याचे स्वरूप ठाऊक नसते, असेही नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत पसरतो व ओट्याखालच्या बंद कप्प्यात साठून राहतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या सुमारास गेले की विजेच्या बटणाची एक ठिणगीही पुरते. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. नळाने येणारा नैसर्गिक गॅस उलट हवेपेक्षा हलका असतो व छताकडे जातो. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, असा दंडक आहे. परंतु अकरा महिन्यांनी जागा सोडणाऱ्या भाडेकरूस ती नळी कधी बसविली हे कळावे कसे? गॅस कंपन्यांची घरातील अनिवार्य तपासणीही पाच वर्षांतून एकदा व्हावयाची असते. तेवढ्या अवधीत भाड्याच्या घरात चारपाच बिऱ्हाडे येऊन गेलेली असतात, आणि तपासनीस येतो त्या वेळी दाराला कुलूप असण्याचाच संभव अधिक.

स्नानगृहातील गॅस गीझरचा धोका याहूनही कपटी आहे. लहान, बंद न्हाणीघरात हा गीझर जळू लागला की प्राणवायू कमी होत जातो आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. या वायूस वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे माणसास चक्कर येते व दाराची कडी काढण्याइतके त्राणही उरत नाही. बंद न्हाणीघरात अशा रीतीने मृत्यू आल्याच्या वार्ता महाराष्ट्रात वारंवार वाचावयास मिळतात. गीझर न्हाणीघराबाहेर बसविणे, जळालेला वायू बाहेर नेणारी नळी लावणे व झरोका उघडा ठेवणे हे उपाय साधे आहेत. परंतु भाडेकरूस भिंतीला भोक पाडण्याचा अधिकार नसतो, आणि मालक त्या न्हाणीघरात स्नान करीत नाही!

ज्यांच्यापाशी कोणतीच जोडणी नसते, त्या विद्यार्थ्यांची व मजुरांची गत आणखी वाईट. पत्त्याचा पुरावा मागितला की घरमालक नोंदणीकृत करारनामा देण्यास कां कू करतो, आणि मग गल्लीतल्या दुकानात चोरून भरून मिळणारी लहान टाकी जवळची वाटू लागते. या चोरट्या धंद्याची फळे आपण पाहिली आहेत. मार्च २०२२ मध्ये कात्रजला बेकायदेशीर साठविलेल्या सिलिंडरांचे एकामागून एक स्फोट झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवड्यास टँकरमधून गॅस चोरताना भडका उडाला व जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. दोन्ही ठिकाणी गुन्हा चोरांचाच होता. तथापि चोरट्या मालास गिऱ्हाईक का मिळते, या प्रश्नाचे उत्तर अंशतः भाड्याच्या खोल्यांतच शोधावे लागेल. वस्तुतः पत्त्याच्या पुराव्याची अट नसलेला पाच किलोचा अधिकृत सिलिंडर विकण्याची सोय तेल कंपन्यांनी केलेली आहे. परंतु ज्यांच्यासाठी ती केली, त्यांच्यापैकी पुष्कळांना तिची वार्ताच नाही.

विम्याची गोष्टही जाणून घेण्याजोगी आहे. तेल कंपन्यांच्या सामूहिक विमा योजनेत अपघाती मृत्यूस सहा लाख रुपये व मालमत्तेच्या हानीस दोन लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र मालमत्तेची भरपाई नोंदलेल्या ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेपुरतीच आहे. दुसऱ्याच्या नावाचा सिलिंडर दुसऱ्याच पत्त्यावर वापरणाऱ्या बिऱ्हाडाने या भरपाईचा भरवसा धरू नये, हे उघड आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आमच्या राज्याच्या भाडे कायद्याचे १४ वे कलम जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर घालते, तेही ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशा पळवाटेसह. २९ वे कलम पाणी, वीज, जिना, उद्वाहन यांचा अत्यावश्यक सेवा म्हणून नामनिर्देश करते. गॅसचा करीत नाही. केंद्राने २०२१ मध्ये तयार केलेल्या आदर्श भाडे कायद्यात नळाच्या गॅसचा समावेश अत्यावश्यक सेवांत झाला, हे खरे. परंतु त्याच कायद्याच्या परिशिष्टात गीझरची दुरुस्ती भाडेकरूच्या माथी मारलेली आहे. पुरवठा तोडू नये एवढे सांगितले. तो निर्धोक आहे की नाही हे कोणी पाहावे, ते सांगितले नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी हा घोळ मिटविला. मालकाने पुरविलेल्या प्रत्येक गॅस उपकरणाची वर्षातून एकदा अधिकृत कारागिराकडून तपासणी करवून घेणे तेथे मालकावर बंधनकारक आहे. तपासणीच्या दाखल्याची प्रत नव्या भाडेकरूस राहावयास येण्यापूर्वीच द्यावी लागते.

आणखी एका दाखल्याचा जाच नको, असे घरमालक म्हणतील. त्यांच्यात निवृत्तिवेतनास जोड म्हणून एक खोली भाड्याने देणारे पुष्कळ आहेत, व त्यांची तक्रार अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. दाखले पैसे देऊनही मिळतात, ही शंकाही रास्त आहे. परंतु करारनाम्याच्या नोंदणीस जो खर्च येतो, त्यापुढे नळी बदलण्याचा खर्च तो किती? आणि स्फोट झाला तर भाडेकरूबरोबर मालकाची वास्तूही जाते, शेजाऱ्याचीही जाते. लाकडी वाड्यात तर आग एका बिऱ्हाडापुरती थांबत नाही.

यास्तव आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्येक नोंदणीकृत करारास गॅस तपासणीचा, तीन महिन्यांपेक्षा जुना नसलेला दाखला जोडणे राज्य सरकारने सक्तीचे करावे. नोंदणीची यंत्रणा अस्तित्वात आहेच. गीझर, शेगडी व नळी यांची वर्षातून एकदा तपासणी मालकाने करवावी आणि दैनंदिन दक्षता भाडेकरूने घ्यावी, अशी विभागणी कायद्यातच असावी. करारनामा हाती पडताच भाडेकरूच्या नावाने जोडणी देण्यास वितरकांनी टाळाटाळ करू नये. न्हाणीघरातले गीझर बाहेर काढण्याची मोहीम महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाने हिवाळ्यापूर्वी हाती घ्यावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर गॅसचा वास येताच दिवा न लावता, बटण न दाबता खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, घराबाहेर यावे आणि मगच १९०६ या क्रमांकावर वर्दी द्यावी. पुढचा करार करताना मात्र मालकाने व भाडेकरूने एकत्र ओट्याखाली वाकून पाहावे. अनामत रकमेची घासाघीस जितका वेळ चालते, त्याच्या दहाव्या हिश्श्यात हे काम होते.