पावतीमागची बारीक अक्षरं

नाशिककरांनो, लॉन्ड्रीची पावती कधी उलटून वाचलीय? ‘कपडा हरवला, फाटला, रंग गेला तर आम्ही जबाबदार नाही.’ मग पैसे कशाचे घेता राव? कॉलेज रोड असो की सिडको, पैठणीवर डाग दिसला की उत्तर ठरलेलं: ‘आधीच होता.’ काही ठिकाणी तर पावतीच देत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि एकतर्फी अट छापली म्हणून निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही नाही. कपडे देताना आधीचे डाग, जर, बटणं पावतीवर लिहून घ्या. नुकसान झालं तर १९१५ वर फोन करा. आपण गप्प बसलो तर ही बारीक अक्षरंच कायदा होऊन बसतील.