पीपीटी तिची, लिलाव त्याचा?

ॲग्रीबिझनेस शिकणाऱ्या मैत्रिणींनो, ग्रुप प्रोजेक्टमध्ये मार्केट यार्डात कोण जातं आणि पीपीटी कोण बनवतं? अनेकदा पीपीटी मुलींच्याच गळ्यात पडते, कारण ‘तुमचं काम नीटनेटकं असतं!’ (म्हणे कौतुक!)

2016 साली सुरू झालेल्या ई-नाम पोर्टलमुळे कांदा-सोयाबीनचे भाव हॉस्टेलमध्ये बसूनही मोबाइलवर दिसतात. मोठीच सोय. पण मालात ओल किती, प्रत कशी, आवक किती, यावरून तोच भाव कसा खाली-वर होतो, हे लिलावात उभं राहिल्यावरच कळतं. आणि उद्या खरेदी विभागात नोकरी लागली, तर नेमकं तेच लागणार.

म्हणून कामं आळीपाळीनं वाटून घ्या. ऑनलाइन शेअर केलेल्या शीटमध्ये कुणी काय भरलं याची नोंद राहते, गुण देताना ती बघा असं सरांना सांगा. सकाळच्या लिलावाला दोघी-तिघी मिळून जा. या वेळची पीपीटी मुलं बनवतील.